सरकारी खरेदीत तुमची निविदा कशी तोलली जाते : नाशिकच्या लघुउद्योजकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सातपूर-अंबडच्या गाळ्यांमध्ये सरकारी टेंडरचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, 'सगळं आधीच ठरलेलं असतं.' दुसरं, 'सगळ्यात कमी दर टाका, काम आपलंच.' पहिलं मत मानणारा टेंडर भरतच नाही. दुसरं मानणारा दर तोडून भरतो आणि पहिल्याच लिफाफ्यात, म्हणजे कागदपत्रांच्या आणि तांत्रिक तपासणीतच, अपात्र ठरतो. त्याचा दर कुणी बघतसुद्धा नाही. चांगला माल बनवणारी माणसं या दोन समजुतींपायी सरकारी ऑर्डरपासून लांब राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

सरकारी कार्यालय निविदा कोणत्या मापाने मोजणार, हे त्या निविदेतच छापलेलं असतं आणि निविदा तपासणाऱ्या समितीला त्याच मापाने मोजावं लागतं. तुमचा माल शेजाऱ्यापेक्षा दणकट असेल, पण दणकटपणाला निविदेत गुण नसतील, तर समिती मनात असूनही ते गुण देऊ शकत नाही. स्वतः जाहीर केलेल्या अटी सरकारला स्वतःलाही मोडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये रमणा शेट्टी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे निविदा भरण्याआधी ती मोजणाऱ्याच्या नजरेने वाचा.

खरेदीदार कोण, ते आधी ओळखा

नाशिकचं एक भाग्य आहे. केंद्राचे आणि राज्याचे मोठे खरेदीदार इथे हाताच्या अंतरावर आहेत. नाशिकरोडचं करन्सी नोट प्रेस आणि इंडिया सिक्युरिटी प्रेस, ओझरचं एचएएल, देवळाली आणि नाशिकरोड कॅम्पच्या तोफखान्याच्या संस्था, रेल्वे ही झाली केंद्राची बाजू. महापालिका, जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय, आदिवासी विकास आयुक्तालय, आरोग्य विज्ञान विद्यापीठ, मुक्त विद्यापीठ, एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र ही राज्याची.

हा फरक कागदोपत्री नाही, त्यावर तुमची कमाई ठरते. केंद्राची कार्यालयं सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे चालतात. केंद्राच्या कंपन्यांच्या स्वतःच्या खरेदी पुस्तिका असतात, मात्र सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचा २०१२ चा खरेदी धोरण आदेश त्यांनाही बांधून घेतो. राज्याच्या विभागांसाठी उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय आणि त्यातली नियमपुस्तिका आहे, त्यात नंतर सुधारणाही झाल्या आहेत. एका ठिकाणी मिळालेली सवलत दुसरीकडे मिळेलच असं धरून दर काढू नका. निविदेत कोणत्या नियमाचा हवाला दिला आहे, ते पहिल्या दोन-तीन पानांतच सापडतं.

निविदा कुठे निघते, तेही वेगवेगळं. राज्याच्या बहुतेक ई-निविदा महाटेंडर्स पोर्टलवर येतात, केंद्राच्या केंद्रीय ई-खरेदी पोर्टलवर किंवा जेमवर. जेम म्हणजे २०१६ मध्ये सुरू झालेली सरकारी ई-बाजारपेठ. आता राज्याची कार्यालयंही तिथून बरीच खरेदी करतात.

निविदा वाचताना पाच गोष्टी खुणेने रंगवा

पात्रतेच्या अटी, तांत्रिक तपशील, मूल्यांकनाची पद्धत, दराचा तक्ता आणि देयकाच्या अटी. यातली मूल्यांकनाची पद्धत बहुतेक जण वाचतच नाहीत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

त्या परिच्छेदात बघायचं ते असं. दर बाबनिहाय बघणार आहेत की एकूण रकमेवर? समजा एका निविदेत कपाटं, टेबलं आणि खुर्च्या आहेत. बाबनिहाय असेल तर तुम्ही फक्त कपाटांचा दर भरूनही कपाटांची ऑर्डर मिळवू शकता. एकूण रकमेवर असेल तर एका बाबीचा दर कोरा राहिला की पूर्ण निविदा बाद होऊ शकते आणि खुर्च्यांत खाल्लेला तोटा कपाटांनी भरून काढता येतो. दोन्हींचे हिशेब पूर्ण वेगळे असतात.

दुसरं, दरात काय काय धरणार? जीएसटी, वाहतूक, हमाली, जागेवर बसवून देणं, वॉरंटीनंतरची देखभाल. इथे 'सर्वसमावेशक' शब्द असेल तर पेठ-सुरगाण्याच्या घाटातून ट्रक आश्रमशाळेपर्यंत नेण्याचा खर्चही तुमच्याच दरात आला.

तिसरं, गुण आहेत की फक्त पात्र-अपात्र? वस्तूंच्या खरेदीत साधारणपणे तांत्रिक तपासणी पात्र किंवा अपात्र एवढीच असते आणि पात्र ठरलेल्यांत सगळ्यात कमी दराचा, म्हणजे एल-वन, ऑर्डर घेतो. गुणवत्तेला आणि दराला वेगवेगळं वजन देऊन बेरीज करायची पद्धत प्रामुख्याने सल्लागार नेमताना आणि काही सेवांसाठी वापरतात. तिथे दराचे गुण काढायचं सूत्र सोपं आहे : सगळ्यात कमी दर भागिले तुमचा दर, गुणिले शंभर. वस्तू पुरवणाऱ्याला ही भानगड क्वचितच लागते.

अट वाचून 'हे एकाच कंपनीसाठी लिहिलंय' असं वाटलं तर तोंडी कुरकुर करून उपयोग नाही. निविदापूर्व बैठकीआधी, दिलेल्या मुदतीत, लेखी विचारा. 'या मापाऐवजी इतकं ते इतकं माप चालेल का', 'अमुक मेकच्या समतुल्य माल स्वीकारणार का', असा थेट आणि मोजता येणारा प्रश्न घाला. बदल मान्य झाला तर शुद्धिपत्रक निघतं आणि ते सगळ्यांना लागू होतं. लिफाफे उघडल्यावर त्याच अटीवर घेतलेल्या हरकतीला फारसं वजन राहत नाही, कारण अट मान्य करूनच तुम्ही निविदा भरलेली असते. माझ्या मते लघुउद्योजकाच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार हेच आहे आणि तेच सगळ्यात कमी वापरलं जातं.

पहिला लिफाफा : इथे दराचा विचारच नसतो

दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. समितीचा क्रम साधारण ठरलेला असतो. बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबतची अनामत, भरली का, किंवा सवलतीचं प्रमाणपत्र आहे का. मग सही करणाऱ्याला अधिकार आहे का, म्हणजे भागीदारी संस्था असेल तर अधिकारपत्र, कंपनी असेल तर ठराव. मग जीएसटी, पॅन, उद्यम (म्हणजे केंद्राकडची सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगाची) नोंदणी, काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. त्यानंतर उलाढाल आणि अनुभव. सगळ्यात शेवटी मालाचा तांत्रिक तपशील, चाचणी अहवाल आणि मागितला असेल तर नमुना.

उलाढालीच्या दाखल्यावर सीएचा युडीआयएन क्रमांक लागतो. अक्षरं आणि अंक मिळून अठरा खुणांच्या या क्रमांकावरून दाखला खरा आहे का, हे समिती ऑनलाइन पडताळून बघू शकते. अनुभव म्हणून नुसत्या पुरवठा आदेशाची प्रत जोडली तर ऑर्डर मिळाल्याचं कळतं, माल पोहोचल्याचं नाही. सोबत काम समाधानकारक पूर्ण केल्याचा दाखला किंवा माल स्वीकारल्याची पावती हवी. 'समान स्वरूपाचा पुरवठा' या शब्दांची व्याख्या निविदेत असेल तर आपला जुना पुरवठा त्या व्याख्येत कसा बसतो, हे एका ओळीत लिहून द्या. तपासणारा माणूस एका बसणीत ढीगभर फायली उलटत असतो. त्याला शोधायला लावू नका.

तांत्रिक तपशिलाचा तक्ता भरताना प्रत्येक ओळीपुढे 'मान्य' लिहून मोकळं होण्याची सवय वाईट आहे. निविदेत पत्रा १.२ मिमी मागितला असेल तर 'देऊ करत असलेला पत्रा १.२ मिमी, चाचणी अहवाल पान ३४' असं लिहा. माहितीपत्रकात १.० मिमी आणि तक्त्यात 'मान्य' असं आलं, तर समिती माहितीपत्रक धरून तुम्हाला अपात्र करू शकते आणि त्यात चुकीचं काही नाही.

एखादा कागद राहिला तर? इथे एक बारीक पण महत्त्वाची रेघ आहे. निविदा भरायच्या तारखेआधीपासून अस्तित्वात असलेला कागद, उदाहरणार्थ जुना पुरवठा पूर्ण केल्याचा दाखला, समिती खुलासा म्हणून मागू शकते. पण त्या तारखेनंतर तयार झालेली पात्रता, बदललेलं मॉडेल किंवा सुधारलेला दर घेता येत नाही. खुलाशाने तुमच्या निविदेचा गाभा बदलता कामा नये. असा खुलासा पोर्टलवरून किंवा ईमेलवरून येतो आणि मुदत थोडी असते, म्हणून त्या दिवसांत रोज मेल बघा.

महाटेंडर्सवर भरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी अगदी जवळून सांगतो, कारण त्यांच्यापायी चांगल्या निविदा वाया जातात. दराची एक्सेल फाइल पोर्टलवरून उतरवून घ्यायची, फक्त मोकळ्या ठेवलेल्या खान्यांतच आकडे टाकायचे आणि फाइलचं नाव न बदलता तीच परत चढवायची. स्वतःची फाइल बनवली, नाव बदललं, एखादी ओळ वाढवली की निविदा नाकारली जाऊ शकते. आणि सगळे कागद चढवले म्हणजे निविदा भरली असं नसतं. शेवटी 'फ्रीज बिड' हे बटण दाबावं लागतं. ते दाबल्यावर निविदा क्रमांकासह पोचपावती मिळते. पोचपावती हातात नसेल तर निविदा गेलेली नाही. वेळ पोर्टलच्या सर्व्हरची धरतात, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाची नाही. शेवटच्या दिवसावर काहीच ठेवू नका.

दुसरा लिफाफा : दर एका पातळीवर आणणं

फक्त पात्र ठरलेल्यांचेच दर उघडतात. त्यानंतर तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि खरं मूल्यांकन इथे होतं. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शाळांसाठी १,००० ड्युअल डेस्क घ्यायचे आहेत, दर जागेवर पोहोचवून आणि करासह बघायचा आहे, जीएसटी १८ टक्के धरला आहे.

अ ने भरला नग ४,८५० रुपये, सगळं धरून. ब ने भरला ४,४२०, पण जीएसटी वेगळा. क ने नगाचा दर सर्वसमावेशक ५,१०० लिहिला आणि एकूण रक्कम ४९,५०,००० लिहिली. ड तांत्रिक लिफाफ्यात चाचणी अहवाल नसल्याने बाद झाला.

वरवर बघितलं तर ब सगळ्यात स्वस्त. कर धरला की त्याचा नग ५,२१५ रुपये ६० पैशांना पडतो, म्हणजे एकूण ५२,१५,६००. क च्या बेरजेत चूक आहे. अशा वेळी सर्वसाधारण नियम असा की नगाचा दर आणि एकूण रक्कम जुळत नसेल तर नगाचा दर खरा धरायचा, आणि आकडा व अक्षर जुळत नसेल तर अक्षरी रक्कम खरी धरायची. म्हणजे क चे झाले ५१,००,०००. ई-निविदेच्या फाइलमध्ये बेरीज आपोआप होते म्हणून ही चूक तिथे होत नाही, पण हाताने भरलेल्या दरपत्रकांत आजही होते. अ चे ४८,५०,०००. एल-वन अ, एल-टू क, एल-थ्री ब. ड चा दर कितीही कमी असला तरी तो लिफाफा उघडायचाच नसतो.

ही केंद्राच्या कार्यालयाची निविदा असेल तर गोष्ट इथे संपत नाही. २०१२ च्या धोरणानुसार एल-वन सूक्ष्म किंवा लघु उद्योग नसेल, तर एल-वनच्या १५ टक्के वरपर्यंत दर असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला आपला दर एल-वनइतका खाली आणायची संधी मिळते. ४,८५० च्या १५ टक्के वर म्हणजे ५,५७७ रुपये ५० पैसे. क आणि ब दोघेही त्या पट्ट्यात बसतात. मागणी वाटून देता येण्यासारखी असेल तर एकूण मागणीच्या २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे २५० डेस्क, अशा उद्योगांना ४,८५० रुपयांच्या दराने मिळू शकतात. पात्र उद्योग एकापेक्षा जास्त असतील तर ते आपसांत वाटले जातात. याच धोरणात बयाणा रकमेतून सूटही आहे. पण उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून हवी. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही. अंबडमध्ये स्वतः प्रेस चालवून पत्रा वाकवणाऱ्यासाठी ही तरतूद सोन्यासारखी आहे. मात्र ४,८५० ला माल परवडतो का, हे निविदा भरण्याआधीच काढून ठेवा. संधीचं पत्र आल्यावर विचार करायला फार वेळ नसतो.

याखेरीज मेक इन इंडियाचा खरेदी आदेश आहे, २०१७ चा आणि २०२० मध्ये बदललेला. ज्या मालात स्थानिक हिस्सा ५० टक्के किंवा जास्त, तो पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार, २० ते ५० मधला दुसऱ्या वर्गाचा. पहिल्या वर्गाला २० टक्क्यांच्या पट्ट्यात दर जुळवायची संधी मिळू शकते. स्थानिक हिस्सा किती, याचं स्वयंघोषणापत्र द्यावं लागतं. खोटं निघालं तर काही काळ सरकारी खरेदीतूनच बाहेर पडावं लागू शकतं, तेव्हा तो आकडा अंदाजाने लिहू नका.

आज स्वस्त, उद्या महाग

यंत्रसामग्रीत नुसत्या खरेदी दरावर निवड केली तर पुढची वर्षं भोगावी लागतात. म्हणून रुग्णालयाच्या निविदांत वॉरंटीनंतरच्या सर्वसमावेशक देखभाल कराराचा दरही मागतात आणि बेरजेत धरतात. एका एक्स-रे यंत्राची किंमत १८ लाख आणि देखभाल वर्षाला दीड लाख. दुसऱ्याची किंमत साडेवीस लाख, देखभाल वर्षाला ७० हजार. पाच वर्षांचा करार धरला तर पहिलं २५ लाख ५० हजारांना पडतं, दुसरं २४ लाखांना. एल-वन दुसरा. काही निविदांत पुढच्या वर्षांची रक्कम आजच्या मोलात आणून मग बेरीज करतात, त्याचा टक्का निविदेत दिलेला असतो.

माझं ठाम मत आहे की पंप, जनरेटर, वॉटर कूलर अशा विजेवर किंवा डिझेलवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या निविदेत चालवण्याचा खर्चही धरायला हवा. तसं होत नसेल तर निविदापूर्व बैठकीत ती मागणी लेखी करा. चांगलं यंत्र बनवणाऱ्याला स्वस्तातल्या यंत्राशी बरोबरीने लढण्याचा दुसरा मार्ग नाही.

फार कमी दर, एकच निविदा आणि वाटाघाटी

अंदाजपत्रकापेक्षा दर खूपच खाली आला तर समितीने आनंदाने ऑर्डर द्यायची नसते. त्या पुरवठादाराकडून दराचं लेखी पृथक्करण मागायचं असतं : पत्रा किती किलो, किलोचा भाव काय, मजुरी किती, पावडर कोटिंग किती. उत्तर पटलं नाही तर निविदा नाकारता येते. म्हणून स्वतःच्या दराचं पृथक्करण आधीच लिहून ठेवा.

एकच निविदा आली म्हणून ती आपोआप रद्द होत नाही. केंद्राच्या नियमांनुसार पुरेशी प्रसिद्धी झाली होती, अटी जाचक नव्हत्या आणि दर वाजवी आहे, हे पटलं तर ती स्वीकारता येते. राज्यात पहिल्या वेळी पुरेसा प्रतिसाद नसेल तर बहुतेक कार्यालयं आधी मुदतवाढ किंवा फेरनिविदा काढतात. दर वाजवी आहे का, हे मागच्या खरेदीचा दर, जेमवरचा दर आणि बाजारभाव बघून ठरवतात.

वाटाघाटींना नियमांत फारसा थारा नाही. अपवाद म्हणून झाल्याच तर फक्त एल-वनशी. 'साहेब, मी एल-टू आहे, अजून दोन टक्के कमी करतो' असा फोन किंवा पत्र कधीही देऊ नका, त्याने निविदेचं पावित्र्यच जातं. एल-वनने माघार घेतली तर ऑर्डर आपल्याकडे सरकेल, ही एल-टूची आशाही केंद्राच्या खरेदीत खरी ठरत नाही. तिथे बयाणा जप्त करून फेरनिविदा काढायची असते. कारण उघड आहे : तसं चाललं असतं तर एल-वन आणि एल-टू संगनमताने एकाला मागे घेऊन दर वर चढवत बसले असते.

जेमवर काही वेळा बिडनंतर रिव्हर्स ऑक्शन होतं, म्हणजे ठरलेल्या वेळेत दर खाली आणत जायचं. त्या खिडकीसमोर बसण्याआधी आपला तळाचा आकडा कागदावर लिहा आणि त्याखाली जाऊ नका. बोलीच्या नादात घेतलेली ऑर्डर पुरवताना माणूस पत्र्याची जाडी कमी करतो, मग तपासणीत माल परत येतो, दंड लागतो, कधी काळ्या यादीत नाव जातं.

रिंगमध्ये नाव देऊ नका

'तुमचं लेटरहेड द्या, सपोर्टला एक कोटेशन हवंय.' ही विनंती बहुतेकांना कधी ना कधी येते आणि ओळखीपोटी माणूस हो म्हणतो. आपसांत दर ठरवून निविदा भरणं, म्हणजेच रिंग करणं, हा स्पर्धा अधिनियम २००२ खाली बेकायदा प्रकार आहे आणि त्याचा दंड उलाढालीच्या टक्केवारीत बसतो. तो पकडला जातो तोही साध्या खुणांनी : एकाच संगणकावरून भरलेल्या निविदा, एकाच शाखेतून काढलेले लागोपाठचे डिमांड ड्राफ्ट, तीन पत्रांत तीच शुद्धलेखनाची चूक. ओळखीच्या माणसाला नाही म्हणा. २०२७ च्या सिंहस्थाची खरेदी म्हणजे बॅरिकेड, फिरती स्वच्छतागृहं, दिवे, औषधं. घाईच्या खरेदीत अशा विनंत्या वाढतात आणि तपासही नंतर कसून होतो.

अपात्र ठरलात, तर

पोर्टलवर आधी अपात्रतेचं कारण बघा. आक्षेपाची मुदत दिली असेल तर त्याच मुदतीत, निविदेतलं कलम आणि तुमच्या कागदाचं पान क्रमांक टाकून उत्तर द्या. दर उघडण्याआधी दिलेल्या उत्तराचं मोल वेगळं असतं. 'आमच्यावर अन्याय झाला' असं न लिहिता 'कलम अमुकनुसार मागितलेला अहवाल पान ३४ वर आहे' असं लिहा.

निर्णय झाल्यावर माहिती अधिकारात तुलनात्मक तक्ता आणि समितीचं इतिवृत्त मागा. राज्यातल्या कार्यालयात दहा रुपयांचं शुल्क लावून अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस आणि उत्तर न आल्यास किंवा न पटल्यास पहिलं अपील. दुसऱ्या पुरवठादाराच्या व्यापारी गुपिताचा भाग नाकारला जाऊ शकतो, पण कोणत्या निकषावर कोण पात्र ठरला, हे सहसा मिळतं.

न्यायालयात जायचं असेल तर एक गोष्ट समजून जा. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून न्यायालयाची भूमिका अशी आहे की ते निर्णयाची प्रक्रिया तपासतं, कोणाचा माल चांगला हे ठरवत नाही. नागपूर मेट्रोच्या निविदेवरच्या २०१६ च्या निकालात तर निविदेतल्या अटीचा अर्थ लावायला ती लिहिणारं कार्यालयच सर्वांत योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. मनमानी किंवा दुष्ट हेतू दाखवता आला तरच हातात काही लागतं.

आणि ऑर्डर नाही मिळाली तर बयाणा रक्कम परत आली का, ते बघा. निवड पूर्ण झाल्यावर ती परत द्यायचीच असते. पोर्टलवरून भरलेली रक्कम साधारणपणे त्याच बँक खात्यात येते, डीडी किंवा बँक हमी दिली असेल तर कार्यालयाच्या लेखा शाखेत लेखी अर्ज करून पोच घ्या.